सुरमईनंतर बांगडा

आमच्या घराच्या मागच्या दारातून समुद्र एकशे दहा पावलांवर होता आणि पुढच्या दारातून खाडी साठ पावलांवर. पावलं माझी, सातवीतल्या मुलीची, आणि ती मी अनेकदा मोजली होती. कारण माझी चुलत बहीण चित्रा हिचं घर आमच्याच खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे होतं आणि तिच्या पुढच्या दारातून खाडी फक्त अठ्ठेचाळीस पावलांवर होती. बारा पावलांचा हा फरक वाडीत कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. माझ्या होता. खळं एक, विहीर एक, माडांच्या दोन रांगांमधून येणारं वारं एक, पण चुली दोन. सकाळी काकी पाट्यावर वाटण वाटायला बसली की तो घरघराट आमच्या ओसरीवर ऐकू यायचा आणि आई न चुकता म्हणायची, ‘‘आज त्यांच्याकडे तिसऱ्ये आसत.’’ त्यांच्याकडे शिंपल्यांचं कालवण, आमच्याकडे तेव्हा उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा असायचा. मला सुका बांगडा आवडतो, आजही आवडतो. पण पलीकडून ओल्या नारळाचा आणि तिरफळांचा वास येत असताना तो खायचा म्हणजे त्याची चव निम्मी होते.

चित्रा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. केस लांब, आवाज मोठा, आणि न घाबरता बोलणं. तिला जे यायचं ते सगळ्यांना दिसायचं. मला एकच गोष्ट तिच्यापेक्षा बरी यायची, ती म्हणजे आकडे. बाबा आणि काका एकाच होडीवर जात. संध्याकाळी जाळं झाडताना बाबा मला विचारत, ‘‘बाय, फाल्या भरती कितक्याक?’’ भिंतीवरच्या कॅलेंडरात उद्याची तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता खाडी पूर्ण भरणार. समुद्रावर थोडी आधी, पण आमच्या खाडीत बरोबर. चतुर्थी-अष्टमीचं सोपं असतं. नवमीचे पावणेसात बोटं न मोजता सांगायला मी नऊ वर्षांची असतानाच शिकले होते. काका आपल्या लेकीबद्दल हसून म्हणत, ‘‘आमच्या चेडवाक ह्या काय जमाचा नाय.’’ आमच्या खळ्यात माझ्या बाजूने बोललेलं ते एकच वाक्य होतं, आणि मी ते जपून ठेवलं होतं.

सातवीला आम्हांला शिंगाडे गुरुजी आले. घाटावरचे, साताऱ्याकडचे. मासे खात नसत, भरती-ओहोटी त्यांनी आधी पुस्तकातच पाहिलेली. आल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी वर्गातली बाकं भिंतीला लावली, मधली जागा मोकळी केली आणि चार कोपऱ्यांत चार कामं मांडली. एक वाचनाचा कोपरा, एक मोजमापाचा, एक नकाशे आणि हस्तकामाचा, आणि चौथा लॅपटॉपचा. वाडीतला एक माणूस मुंबईत मोठ्या कचेरीत होता. त्याने कचेरीने काढून टाकलेले चार लॅपटॉप शाळेला आणून दिले होते. जाड, काळे, मांडीवर घेतले तर मांडी भाजेल असे. त्यातला एक कधी सुरूच झाला नाही. उरलेल्या तीनपैकी दोन लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वीज गेली की ते जागच्या जागी काळे पडत. तिसऱ्याची बॅटरी नऊ मिनिटं टिकायची. ते मी घड्याळ लावून मोजलं होतं.

वर्गात आम्ही अठ्ठावीस. सात-सातचे चार गट, प्रत्येक कोपऱ्यावर पंचवीस मिनिटं. अकराला सुरुवात, आणि गुरुजींनी पितळी ताट वाजवलं की सगळ्यांनी उठून उजवीकडच्या कोपऱ्यावर जायचं. गटांना नावं हवीत म्हणून गुरुजींनी कौतुकाने माशांची नावं दिली: सुरमई, बांगडा, पापलेट, तारली. त्यांना वाटलं मासे म्हणजे सगळे मासे. पण वाडीतल्या पोरांना कोण सुरमई आणि कोण तारली हे सांगायला लागत नाही. पहिल्याच दिवशी तारली गटातला एक मुलगा रडायला लागला. गुरुजींना कारण कळेना. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘गुरुजी, तारली आमी खतात घालतो माडांका.’’ अख्खा वर्ग हसला, गुरुजीही हसले, पण नावं पाटीवर लिहून झाली होती ती पुसली नाहीत. चित्रा सुरमईत गेली. मी बांगडा. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, ‘‘अर्थात.’’ त्या एका शब्दाने माझं जेवण गेलं.

फेरा कधी बदलला नाही. सुरमई अकरा वाजता लॅपटॉपवर बसायची आणि त्यांच्यामागून, अकरा पंचवीसला, आम्ही. प्रत्येक लॅपटॉपवर गटातल्या एकालाच कळफलक चालवायचा मान होता, बाकीचे शेजारून सांगणार. तिसऱ्या लॅपटॉपवर, त्या नऊ मिनिटं जगणाऱ्या, सुरमईतून चित्रा आणि बांगड्यातून मी. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस मी तिने नुकत्याच सोडलेल्या जागी बसायची. स्टूल गरम असायचं. कळफलकावर तिच्या बोटांचा खोबरेल तेलाचा वास असायचा. आणि पडद्यावर तिची फाईल उघडीच असायची. गुरुजींचा नियम होता की गट उठताना लॅपटॉप नीट बंद करून उठायचं, नाहीतर तो तापतो. बाकीचे बंद करत. चित्रा करत नसे. मला वाटायचं, ती मुद्दाम दाखवायला ठेवते: बघ, मी काय केलं. तक्रार करावी असं चार-पाच वेळा मनात आलं. केली नाही, कारण चालू लॅपटॉप मलाच मिळत होता. हेही इथे लिहिलं पाहिजे.

वीज मात्र आमच्या वाटणीला कमी यायची. तेव्हा ती साडेअकराच्या सुमारास जायची आणि बाराला परत यायची. रोज नाही, पण पुष्कळदा. मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि मिनिटं लिहायला लागले. सहा आठवडे, अठरा पाळ्या. चित्राचे अठरा वेळा पंचवीस, म्हणजे साडेचारशे. माझ्या आठ पाळ्यांना वीज गेली. तेव्हा पाच मिनिटं विजेवर आणि नऊ बॅटरीवर, मिळून चौदा. उरलेल्या दहा पाळ्या पूर्ण. एकूण तीनशे बासष्ट. फरक अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा. ही बेरीज मी इतक्या वेळा तपासली की पानाला भोक पडायची वेळ आली. आज माझा मुलगा घरातल्या एकाच लॅपटॉपवरून बहिणीशी भांडतो तेव्हा मी त्याला ओरडत नाही. अठ्ठ्याऐंशी मिनिटं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे.

मग गुरुजींनी जाहीर केलं की पालकसभा आहे, केंद्रप्रमुख येणार आहेत, आणि प्रत्येक गटाने आपल्या गावाबद्दल एक तक्ता लॅपटॉपवर करायचा. हे कोपरे म्हणजे खेळ आहे, पोरं नुसती हिंडतात, अशी कुरकुर वाडीत सुरू झाली होती. शाळा समितीचे अध्यक्ष दाजी, होडीचे म्हातारे तांडेल, त्यांनी तर भर रस्त्यात गुरुजींना विचारलं होतं, ‘‘गुरुजी, पोरां बसतली कधी? आमी होडयेत पण बसतो!’’ तेव्हा सभेत काहीतरी दाखवायलाच हवं होतं. गुरुजी म्हणाले, ‘‘चांगलं झालं तर कोपरे राहतील. नाही झालं तर मला बाकं सरळ करावी लागतील.’’ इतकं उघड बोलले. मला कोपरे हवे होते. घरी मला कुणी विचारत नसे, रांगेच्या वर्गात मी तिसऱ्या बाकावर गप्प बसायची. कोपऱ्यात मात्र माझ्या हातात काहीतरी असायचं. दोर, तराजू, कळफलक.

आमच्या गटाला आलं ‘गावातील झाडांची यादी’. सुरमईला आलं भरतीचं वेळापत्रक.

विषय चित्रानेच सुचवला होता. ‘‘गुरुजी, तिथीची पाऊणपट करतत,’’ असं तिने उभं राहून सांगितलं आणि गुरुजींचे डोळे चमकले. ‘‘अरे वा! म्हणजे सूत्र आहे! एकदा सूत्र घातलं की लॅपटॉप सगळा पंधरवडा काढून देईल.’’ मी खाली बसून पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत होते. ती पाऊणपट माझी होती. बाबांनी मला दिलेली. चित्राला ती करताही येत नव्हती, ती लॅपटॉप करणार होता, आणि नाव तिचं होणार होतं. त्या संध्याकाळी काकी खळ्यातून ओरडून आईला सांगत होती, ‘‘वहिनी, आमचा चेडू भरती काढता हां आता! मशिनीवर!’’ आई सुकत घातलेले बोंबील उलटत होती. म्हणाली, ‘‘काढू दे. खाडी खंय जातली पळान?’’ आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच माझी पाऊणपट विकून आले होते.

दोन आठवडे मी आंबा, काजू, कोकम, उंडी, सुरू असं टंकत बसले. माड एकशे त्र्याण्णव भरले. आणि दर पाळीला बसल्याबसल्या आधी चित्राचा तक्ता पाहायची. तो वाढत होता. वारांचा रकाना, तिथीचा रकाना, वेळेचा रकाना. वरच्या ओळीला तिने निळा रंग दिला होता. तो रंग कसा द्यायचा ते मला येत नव्हतं, आणि तिला विचारायला मी मेले असते तरी गेले नसते.

सभेच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार. आम्ही बसलो, पाच मिनिटांत वीज गेली. दोन लॅपटॉप काळे पडले, तिथली पोरं मोजमापाच्या कोपऱ्यात जाऊन दोर ओढायला लागली. माझ्या शेजारचे दोघेही तिकडे पळाले. मी एकटी राहिले, पडदा मंद झाला होता आणि त्यावर चित्राचा तक्ता पूर्ण झालेला होता. पंधरा ओळी. येत्या सोमवारी प्रतिपदा, तिथून खाली अमावास्येपर्यंत. मी शेवटची ओळ वाचली: अमावास्या, सोमवार. मला ते खटकलं. अमावास्येला बाबा होडी काढत नसत आणि या वेळची त्यांची घरची सुटी रविवारी येत होती. आईने रविवारी घावणे करायचं कबूलही केलं होतं. म्हणजे अमावास्या रविवारी. मग हा सोमवार कुठून आला? मी ओळीओळीने वर गेले आणि पाचव्या ओळीला थांबले. शुक्रवार, पंचमी. त्या पंधरवड्यात पंचमीच नव्हती. पंचमीचा क्षय होता. कॅलेंडरात गुरुवारी चतुर्थी आणि शुक्रवारी एकदम षष्ठी छापलेली होती. अशी एखादी तिथी पंचांगात गळते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. चित्रालाही होतं. पण गुरुजींनी शिकवलं होतं की एक आणि दोन लिहून खान्याचा कोपरा धरून खाली ओढला की लॅपटॉप पुढचे आकडे आपोआप भरतो. तिने ओढला होता. लॅपटॉपने एक ते पंधरा सरळ भरले होते. त्याला काय माहीत पंचमी गळली म्हणून?

पहिले चार दिवस बरोबर येणार होते. पाचव्या दिवसापासून प्रत्येक वेळ पाऊण तास चुकणार होती. आणि पाचवा दिवस, शुक्रवार, हा पालकसभेचा.

बॅटरीची अजून आठ मिनिटं होती. चित्रा शेजारच्याच कोपऱ्यात, पाठमोरी, दोराने खिडकी मोजत होती. माझ्यापासून सात पावलांवर. मी तिला हाक मारली नाही. पडदा काळा होईपर्यंत मी नुसती त्या पंचमीकडे बघत बसले, आणि खरं सांगायचं तर इतकं बरं मला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं.

सोमवारपासून गुरुजी रोज सकाळी तक्त्यातली वेळ फळ्यावर लिहू लागले. सोमवारी पाऊण वाजता, मंगळवारी दीड, बुधवारी सव्वादोन. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून तिथीचा रकाना आता लपवला होता. आमच्या शाळेच्या खिडक्या खाडीवर होत्या. समोर चार-पाच होड्या नांगरलेल्या असत. पाणी आत येत असलं की होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, समुद्राकडे असते, पाणी बाहेर जाऊ लागलं की होडी फिरते आणि नाळ खाडीच्या आतल्या अंगाला होते. भरती पूर्ण झाली की नाही ते बघायला याहून काही लागत नाही. पोरं खिडकीशी गोळा होत, फळ्यावरची वेळ होई, आणि होड्या फिरत. गुरुवारी तीनच्या ठोक्याला फिरल्या तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी चित्राच्या डोक्यावर हात ठेवला. मीही टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, उद्या.

शुक्रवारी तीन वाजता वर्ग भरला. बायका खाली सतरंजीवर, पुरुष दाराशी आणि भिंतीला टेकून. केंद्रप्रमुख खुर्चीवर, शेजारी दाजी. आमची झाडांची यादी दोन मिनिटांत उरकली. मग चित्रा उभी राहिली. तिने निळ्या ओळीचा तक्ता उघडला, लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला आणि मोठ्या आवाजात वाचलं, ‘‘आज शुक्रवार. पूर्ण भरती, तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं.’’

दाजींनी मान वर केली. ‘‘पावणेचार? नाय गो बाय. आज साडेचार.’’

‘‘पावणेचार, दाजीनू,’’ चित्रा म्हणाली.

दाराशी उभे बाबा आणि काका एकमेकांकडे बघायला लागले. काका पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात गुरुजी हसत म्हणाले, ‘‘दाजी, चार दिवस एका मिनिटाचा फरक नाही पडलेला. आकडेमोडीत यंत्र चुकत नसतं. आत्ता साडेतीन झालेत. पंधरा मिनिटं थांबू. खाडीच सांगेल.’’

ते पंधरा मिनिटांचं थांबणं मला अजून विसरता येत नाही. अख्खी सभा उठून खिडक्यांना लागली. होड्यांच्या नाळा समुद्राकडे. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. चित्रा लॅपटॉपपाशीच उभी होती. तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग गर्दीतून बरोबर माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. मला उत्तर माहीत होतं. एवढंच बोलायचं होतं की गुरुजी, पंचमीचा क्षय आहे, सूत्र बरोबर आहे, एकच आकडा चुकलाय. तेवढ्याने सभा वाचली असती, गुरुजी वाचले असते, कोपरे वाचले असते. कदाचित शाबासकीही मलाच मिळाली असती. पण तिचा चेहरा लाल होताना मला बघायचा होता. मी मान खाली घातली.

पावणेचार झाले. होड्या हलल्या नाहीत. चार वाजले. पाणी आणखी एक पायरी चढलं. खिडकीशी कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, खाडयेक कोणीतरी सांगा, मशिनीन भरती संपवल्यान म्हणान!’’ आणि हशा फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दाजी हसले नाहीत. ते सावकाश म्हणाले, ‘‘गुरुजी, ह्या यंत्राच्या भरवशार कोणी होडी घातल्यान तर वाळूत रुतात. पोरांक बसवा आणि पाढे शिकवा.’’ केंद्रप्रमुखांनी घड्याळ पाहिलं, पुढे आणखी एका शाळेत जायचंय म्हणाले आणि चहा न घेता उठले. समितीचं तिथल्या तिथे ठरलं. सोमवारपासून बाकं रांगेत, लॅपटॉप कपाटात. गुरुजी ‘‘ठीक आहे’’ एवढंच म्हणाले. लोक निघून गेल्यावर मी खिडकीशी उभी होते. साडेचारला होड्या एकामागून एक फिरल्या.

घरी आईने चुलीवर तवा ठेवला होता. ‘‘लय मिरवी होती,’’ म्हणाली, आणि सरंगा माशाचा मधला तुकडा, जो नेहमी बाबांच्या ताटात जायचा, तो माझ्या ताटात वाढला. खळ्यापलीकडून त्या संध्याकाळी पाट्याचा आवाज आला नाही. बाबा हात धुताना म्हणाले, ‘‘पंचमी गळली ती त्या पोराच्या ध्यानात इली नाय. पण काम बरा केल्यान होता.’’ मला तो तुकडा संपवता आला नाही. आईने तो मांजराला घातला, आणि तिचा रुसवा दोन दिवस टिकला.

शनिवारची शाळा सकाळची. मी लवकर गेले. गुरुजी एकटेच होते, लॅपटॉपच्या वायरी गुंडाळत होते. मी म्हटलं, ‘‘गुरुजी, एकदा तिसरा लॅपटॉप लावू?’’ त्यांनी वायर परत जोडली. तो सुरू व्हायला चार मिनिटं लागली. तोपर्यंत मला हे माहीतच नव्हतं, कारण मला तो नेहमी चालूच मिळाला होता. मी चित्राची फाईल उघडली, लपवलेला रकाना त्यांना उघडायला लावला, पाचव्या ओळीत पाचाच्या जागी सहा लिहिलं, खाली सात लिहिलं, कोपरा धरून खाली ओढला. शेजारच्या रकान्यातल्या वेळा एकदम बदलल्या. शुक्रवार, साडेचार. अमावास्या रविवारवर जाऊन बसली. सोमवारची ओळ मी पुसली. गुरुजी वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

‘‘तुला हे कधी कळलं?’’

‘‘काल,’’ मी म्हटलं. ‘‘होडी फिरली तेव्हा.’’

दारात चित्रा उभी होती. डोळे सुजलेले, वेणी आईने नाही, स्वतः घातलेली. ती आत आली, पडद्यावरचे आकडे तिने खालपर्यंत वाचले आणि गुरुजींना म्हणाली, ‘‘म्हणान तर मी फाईल उघडी ठेवत होतंय, गुरुजी. माज्या मागसून ही बसता, हिका आकडे कळतत. काय चुकला तर ही सांगात म्हणान. आणि बंद केला तर हिची चार मिनिटां जातत. आधीच वीज हिच्याच टायमाक जाता.’’ मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, जणू माझंच सांत्वन करत म्हणाली, ‘‘तू काय बोललंस नाय, म्हणजे बरोबर आसा, असा माका वाटला. जावंदे गो. तुकाच दिसाक नाय, मगे माका खंयसून दिसतला?’’

आम्ही तिघांनी मिळून लॅपटॉप कपाटात ठेवले आणि बाकं ओढून रांगेत लावली. सात रांगा, दर रांगेत दोन बाकं. गुरुजी त्या उन्हाळ्यात बदली घेऊन घाटावर गेले.

वहीच्या मागच्या पानावरची बेरीज मी पुढे कितीतरी वर्षांनी दुरुस्त केली. चित्रा पहिल्या पाळीत बसायची. म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याची चार मिनिटं दर वेळी तिची जायची. अठरा चोक बहात्तर. साडेचारशेतून बहात्तर गेले, तिचे खरे झाले तीनशे अठ्ठ्याहत्तर. माझे तीनशे बासष्ट. फरक अठ्ठ्याऐंशीचा नव्हता, सोळा मिनिटांचा होता. आणि तिने रोज लॅपटॉप बंद केला असता तर माझेही बहात्तर गेले असते.

चित्रा आता बांद्याला असते, लग्न होऊन बरीच वर्षं झाली. मी इथेच, त्याच खळ्यात. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात आणि ओसरीवरच्या फळ्यावर रोज भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहिते. माहेरी यायचं असलं, पोरांना खाडीत न्यायचं असलं की चित्रा आदल्या दिवशी फोन करते. ‘‘फाल्या भरती कितक्याक गो?’’ तिच्या हातातल्या फोनवर ते दिसतं. मी तसं म्हटलं की ती म्हणते, ‘‘ता ऱ्हवांदे. तू सांग. तू सांगलंस म्हणजे बरोबर.’’ मी भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा बघते, कुठली तिथी गळलीय का पाहते, आणि मगच सांगते.

हे प्रकरण ती वाचेल. तिला मी आधीच सांगून ठेवलंय की तुझ्यावर लिहितेय. तेव्हा तो एक आकडा इथेच दुरुस्त करते. त्या शनिवारी गुरुजींनी मला विचारलं, कधी कळलं, आणि मी काल म्हणाले. ते खोटं होतं. मला कळलं होतं ते त्याच्या आठ दिवस आधी, आदल्या शुक्रवारी, अकरा वाजून एकतीस मिनिटांनी.